गिरगावच्या वाड्या, भर मे महिन्यात

मुंबईला नुसतं फिरायला गेले होते असं सांगितलं की आमच्या पेणमध्ये लोक आधी तब्येतीची चौकशी करतात. पेणचा माणूस मुंबईला जातो तो नोकरीला, दवाखान्यात, लग्नाला, नाहीतर कुणाला विमानतळावर सोडायला. पंचाहत्तरीला आलेली बाई भर मे महिन्यात गळ्यात कॅमेरा अडकवून गल्लीबोळांत हिंडायला जाते, हे कुणाच्या पचनी पडेना. नातू म्हणाला, "आजी, निदान टोपी घाल." टोपी घातली. नात सोबतीला आली.

कारण सांगते. फणसवाडीत माझ्या आतेबहिणीची खोली आहे. माझी आत्या रोह्याहून लग्न होऊन १९४८ साली त्या खोलीत गेली, आणि आता तिची मुलगी, म्हणजे आमची ताई, तिथे एकटी राहते. पावसाळ्याआधी चाळ रिकामी करायची आहे. तिथे टॉवर होणार. मला त्या खोलीचे आणि भोवतालच्या वाड्यांचे फोटो हवे होते. माझं माहेर रोहा, सासर पेण, आणि या दोन्ही गावांतल्या कितीतरी घरांचा एक पाय पिढ्यान्‌पिढ्या गिरगावात आहे. शाळेत तीस-पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, पण तो सगळा रायगड, पुणे आणि दिल्लीचा. आत्याच्या चाळीचा इतिहास पुस्तकात नव्हता, म्हणून कधी शिकवला नाही.

मे महिना निवडला तोही मुद्दाम. मे महिन्यात मुंबई गावी जाते. आम्ही लहान असताना गिरगावची मुलं मे महिन्यात रोह्याला यायची, आंबे-फणस खाऊन, कुंडलिकेत डुंबून, काळीठिक्कर होऊन परत जायची. आम्ही गिरगावात जायचो ते दिवाळीत. त्यामुळे मे महिन्यातलं गिरगाव मी लहानपणी पाहिलेलंच नाही. त्या दिवशीही तेच झालं. आमची गाडी पनवेलकडे निघाली तेव्हा तिच्यात बसायला जागा होती, आणि समोरून कोकणात जाणाऱ्या गाडीत दारातसुद्धा उभं राहायला जागा नव्हती.

गाडीवरून आठवलं. आज आम्ही पेणला गाडीत बसतो, पनवेलला हार्बरची लोकल पकडतो आणि मुंबईत उतरतो, पण हे सुख जुनं नाही. आपट्यापासून रोह्यापर्यंत रेल्वे आली ती १९८६ साली. पुढे रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू झाली आणि रोहा हे नाव देशाच्या वेळापत्रकात गेलं. त्याआधी एसटी, आणि एसटीच्याही आधी पाणी. पेणकर धरमतरला जाऊन बोटीत बसायचे. रोहेकरांना त्याहून जुन्या काळी नागोठण्याच्या खाडीतली बोट जवळ होती. बोट लागायची भाऊच्या धक्क्याला. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मूळ धक्का बांधला म्हणून हे नाव. आजचा धक्का त्याच जागी नाही, पण नाव चिकटून राहिलंय ते राहिलंयच. या पाण्याच्या वाटेची एक काळी आठवणही आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनासुद्धा राहिला नव्हता. आत्याचं लग्न त्याच्या पुढच्या वर्षीचं, आणि वऱ्हाड बोटीनं न्यायचं की नाही यावर घरात मोठी चर्चा झाल्याचं मी ऐकलेलं आहे. शेवटी बोटीनंच नेलं. दुसरा उपाय काय होता?

म्हणून मी हिंडायला सुरुवात केली ती माझगावपासून. आपली माणसं ज्या बाजूने मुंबईत शिरली, त्या बाजूने. डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरलं की डोक्यावरच भंडारवाड्याची टेकडी आहे, तिच्यावर बाग आणि पोटात पाण्याची टाकी. नऊ वाजता आम्ही वर पोचलो तेव्हा दोन म्हातारे वर्तमानपत्र वाचत होते आणि एक माळी पाइप ओढत होता, बाकी कुणी नाही. खाली गोदीतल्या क्रेन, त्यापलीकडे पाणी, आणि धुरकट उन्हात पलीकडचा किनारा पुसटसा. तो आपला किनारा. फोटोत तो आलाच नाही, नुसतं पांढरं आलं. मे महिन्यात दहा वाजल्यानंतर मुंबईच्या समुद्राचा फोटो काढू नये, हा माझा सल्ला.

या टेकडीवर इंग्रजांचा माझगावचा किल्ला होता. १६८९ साली जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानानं मुंबईवर चाल केली, माझगाव घेतलं, आणि पुढच्या वर्षी जाताना किल्ल्याची वाट लावून गेला. म्हणजे मुरूडचा माणूस! नातीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग आपले पहिले चाकरमानी तेच की." मुलं फार वाह्यात झालीत हल्ली.

टेकडी उतरून दहा-पंधरा मिनिटं चाललं की माथारपाखाडी येते. हे नाव वाचूनच मी तिथे गेले. पाखाडी आम्हाला नवी नाही. कोकणात पायऱ्यापायऱ्यांच्या दगडी वाटेला पाखाडी म्हणतात आणि त्या वाटेवरच्या वस्तीलाही. मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांनी, ज्यांना ईस्ट इंडियन म्हणतात, हा शब्द जपून ठेवलाय. त्यांची बोलीही मराठीच. माझगावची ही पाखाडी म्हणजे लाकडी घरं, बाहेरून वर जाणारे जिने, कौलं, कुंड्या, आणि वळणावर एक क्रूस. दोन घरांच्या मधून एक माणूस सायकल हातात धरून जाईल एवढी वाट. सकाळी साडेदहाला तिथे फोडणीचा वास येत होता, आणि कुठल्यातरी घरात रेडिओ. एवढाच काय तो आवाज. शंभर पावलांवर माझगावचा रस्ता ट्रकांनी गच्च भरलेला!

इथेच काका बाप्टिस्टांचा जन्म झाला, १८६४ साली. टेकडीवरच्या बागेला नाव त्यांचंच आहे. लोकमान्य टिळकांचे सहकारी, वकील, १९१६ च्या होमरूल लीगचे अध्यक्ष, पुढे मुंबई पालिकेचे अध्यक्ष. आमच्या पाठ्यपुस्तकात त्यांना एक ओळ होती. ज्या माणसाला टिळकांची मराठी माणसं 'काका' म्हणायची, तो या पाखाडीतला, हे मला पाखाडीत उभं राहिल्यावर पटलं. अशा वाटेवर वाढलेला माणूस परका कसा राहील?

एका घराच्या ओसरीचा फोटो काढायला कॅमेरा उचलला तर आतून आजीबाई बाहेर आल्या. माझ्याच वयाच्या. मी विचारलं, "काढू का?" त्या म्हणाल्या, "घराचा काढा, माझा नको, केस विंचरलेले नाहीत." मग आम्ही पंधरा मिनिटं बोललो. त्यांची मुलं ऑस्ट्रेलियात. शेजारच्या घराला कुलूप, पलीकडच्यालाही. "ख्रिसमसला उघडतात कधीकधी," म्हणाल्या. मी त्या कुलपाचाही फोटो काढला.

माझगाव एके काळी आंब्यांसाठी प्रसिद्ध होतं. वर्षातून दोनदा आंबा देणारी झाडं तिथे होती असं जुने लोक लिहून गेलेत. आम्हाला काही आंब्याचं झाड दिसलं नाही. असो.

तिथून काळी-पिवळी टॅक्सी करून गिरगाव. टॅक्सीवाल्यानं "मेट्रोनं जा की" असं चक्क सुचवलं. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण धावते आहे आणि तिला गिरगाव नावाचं स्टेशन आहे. त्या स्टेशनासाठी रस्त्यालगतच्या काही जुन्या इमारती पाडल्या, त्यांतही ओळखीची माणसं होती. पण जमिनीखालून गेले असते तर जे बघायला आले ते डोक्यावरून गेलं असतं. शब्दशः!

गिरगावच्या गल्ल्यांची नावं आता जरा मोठ्यानं वाचा. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, चंदनवाडी, मुगभाट, बोरभाट. यादी वाचताना दुपारी भूक लागावी. ही नावं कुणी हौसेनं ठेवलेली नाहीत, तिथे खरोखरच वाड्या होत्या. वाडी म्हणजे आपल्या नागाव-चौल-रेवदंड्याकडे असते तशी, विहीर, रहाट, नारळी-पोफळी, केळी. पोर्तुगीज त्याला 'ओर्ता' म्हणत, इंग्रजांनी त्याचं 'ओर्ट' केलं, आणि जुन्या कागदपत्रांत गिरगाव-माहीमच्या या ओर्टांचे उल्लेख सापडतात. भाट हाही जमिनीचाच शब्द, गोव्याकडे नारळाच्या बागायतीला अजून भाट म्हणतात. मग शहर किल्ल्याबाहेर पसरायला लागलं, एकेका वाडीत मालकानं घरं बांधून भाड्यानं दिली, झाडं गेली आणि नावं उरली. सॅम्युएल शेपर्ड नावाच्या इंग्रज पत्रकारानं १९१७ साली मुंबईच्या रस्त्यांच्या आणि ठिकाणांच्या नावांवर अख्खं पुस्तक लिहिलं. पण त्याच्या कितीतरी आधी, १८६३ साली, गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचें वर्णन' आलं होतं. मुंबईवरचं मराठीतलं ते पहिलं पुस्तक. माडगावकर शाळामास्तर होते, हे मी ओळखीच्या सर्व शिक्षकांना आवर्जून सांगते. शहराचा इतिहास लिहायला साहेब लागत नाही, वही घेऊन हिंडणारा एक मास्तर पुरतो.

आता प्रश्न असा की मुंबईच्या ऐन मध्यात ह्या वाड्या इतक्या शांत कशा? दोन रस्त्यांच्या मधे शिरलं की आवाज एकदम बंद होतो, जसं कुणी खिडकी लावली. याचं उत्तर प्लेगमध्ये आहे असं मला वाटतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून पळाली. त्यातली कितीतरी कोकणात परत आली आणि येताना काहींनी प्लेगही आणला. सरकारला जाग आली आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाट वस्तीत हवा खेळावी, समुद्रावरचा वारा आत यावा, म्हणून ट्रस्टनं रुंद सरळ रस्ते कापले. सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, आणि प्रिन्सेस स्ट्रीट, आजचा शामलदास गांधी मार्ग, हे त्यातलेच. घरं पाडली, माणसं हलवली. पण रस्ते झाले आणि मधले तुकडे तसेच राहिले. ट्रॅम, घोडागाड्या, पुढे मोटारी सगळ्या रुंद रस्त्यावरून जाऊ लागल्या, वाडीत शिरायचं कारण कुणाला उरलं नाही. वाड्यांची शांतता ही अशी उरलेली शांतता आहे. माझगावात, वांद्र्यात आणि इथेही प्लेगपासून रक्षण व्हावं म्हणून उभारलेले क्रूस आहेत. हिंडताना दिसला क्रूस की मी नातीला साल विचारायची, आणि ती मोबाईल काढायची. शेवटी म्हणाली, "आजी, परीक्षा नको."

त्याच सँडहर्स्ट रोडवर कॉरोनेशन थिएटरमध्ये ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांना दाखवला गेला. तोही मे महिनाच. त्या उकाड्यात बंद थिएटरमध्ये बसलेल्या लोकांना मनातल्या मनात नमस्कार केला.

खोताची वाडी. हिच्याबद्दल इतकं लिहून आलंय की मी थोडक्यात सांगते. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाची ही जमीन, त्यांनी ती ईस्ट इंडियन कुटुंबांना घरांसाठी दिली. एके काळी साठ-पासष्ट बंगल्या होत्या, आज त्याच्या निम्म्याही नाहीत. रंगीत लाकडी कठडे, नक्षीच्या खिडक्या, दारात ओटा. दुपारी साडेबाराला सूर्य डोक्यावर आला तेव्हाच बोळाच्या फरशीवर ऊन पडलं, अर्ध्या तासानं गेलं. बाकीचा दिवस सावली. घरं एकमेकांना इतकी चिकटून का बांधली याचं उत्तर मे महिन्यात तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. रोह्याच्या आमच्या आळीत हेच होतं, समोरासमोरच्या ओट्यांवर बसून दोन्हीकडच्या बायका पापड लाटायच्या आणि ऊन मधून चोरट्यासारखं जायचं.

एका घरावर पाटी होती, फोटो काढू नयेत अशा अर्थाची. नात हिरमुसली. मला पाटी योग्य वाटली. रोज पाच-पन्नास माणसं तुमच्या दारातल्या वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढून गेली तर तुम्ही काय कराल? फोटो काढणारा संध्याकाळी घरी जातो. छप्पर गळतं ते राहणाऱ्याचं.

तिथून खाडिलकर रोडवर केशवजी नाईकांच्या चाळीत गेलो. १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती इथे बसला. १९०१ मध्ये टिळक इथे येऊन गेले. मूर्ती अजूनही लहानच बसवतात, हे मला फार आवडतं. चौकात दोन मुलं क्रिकेट खेळत होती, अगदी हळू, टेनिसच्या चेंडूनं, कारण दुपारी आवाज केला तर वरून कुणीतरी ओरडणार. मे महिन्यात इथे गणपतीचा मागमूस नसतो. आमच्या पेणला मात्र याच दिवसांत कासार आळी, कुंभार आळी, परीट आळी गणपतींनी भरलेल्या असतात, बिनरंगाचे, पांढरे, ओळीनं वाळत ठेवलेले. मुंबईच्या भाद्रपदाची तयारी पेणला चैत्र-वैशाखातच चालू असते.

फणसवाडीला जाताना वाटेत माधवबागेत शिरले. सी. पी. टँकची गर्दी म्हणजे काय सांगावं, हातगाड्या, माणसं, भोंगे, आणि कमानीतून आत गेलं की लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि शांत आवार. इथल्या गीता पाठशाळेत रोह्याचे वैजनाथशास्त्री आठवले १९२६ पासून प्रवचनं करत, आणि त्यांच्यामागे त्यांचे चिरंजीव पांडुरंगशास्त्री. दादांचा जन्म रोह्याचा, १९२० चा. १९९६ साली त्यांना मॅगसेसे आणि १९९७ साली टेंपल्टन असे दोन्ही पुरस्कार मिळाले तेव्हा रोह्यात घरोघरी पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. पण सुरुवात झाली ती या आवारात. रोह्याचा माणूस आणि मुंबईची बोळं, दोन्ही एकमेकांना मानवतात बहुधा.

दुसरे रोहेकर सी. डी. देशमुख. जन्म महाडजवळच्या नात्याचा, १८९६ चा, घर रोह्याचं, शिक्षण पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात. १९१२ च्या मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. ज्या नानांच्या नावाची ती शिष्यवृत्ती, त्यांच्याच नावाचा रस्ता गिरगावातून जातो. नानांनी मुंबईला रेल्वे आणली, आणि सीडींनी मुंबईसाठी मंत्रिपद सोडलं. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढण्याच्या घोषणेनंतर याच गिरगावच्या रस्त्यांवर गोळ्या चालल्या. माणसं मेली. त्या वर्षी जुलैत कुलाबा जिल्ह्याचे खासदार आणि देशाचे अर्थमंत्री असलेल्या देशमुखांनी राजीनामा दिला. मी तेव्हा पाचेक वर्षांची. पण आत्या सांगायची, त्या दिवसांत चाळीच्या गॅलऱ्यांत ताटल्या वाजायच्या, आणि गोळीबार झाला की मुलांना मोरीत बसवायचं, कारण मोरीला रस्त्याकडे खिडकी नाही. मी ताईच्या मोरीचा फोटो काढला तो यासाठी. नातीला वाटलं आजीचा कॅमेरा चुकून दाबला गेला.

फणसवाडीत बालाजीच्या देवळाचं दाक्षिणात्य गोपूर ओलांडून आम्ही ताईच्या चाळीत पोचलो तेव्हा तीन वाजले होते. तिसरा मजला, लाकडी जिना, एका बाजूला लोखंडी टेकू लावलेला. गॅलरीत चौदा दारं, त्यातल्या नऊंना कुलूप. मे महिना म्हणून असेल असं आधी वाटलं. ताई म्हणाली, "अगं, मे महिन्याचं कुलूप नवं असतं, चकचकीत. ही बघ, गंजलेली." माणसं साठ-सत्तरच्या दशकांपासून डोंबिवली, बोरिवली, विरारला गेली, खोली मात्र कुणी सोडली नाही. सोडायची कशाला? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडं १९४० च्या पातळीवर बांधून ठेवलं. त्यामुळे भाडेकरू तरले. पण मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही, पागडी आली, इमारती पडायला लागल्या. १९६९ साली सरकारनं दुरुस्ती मंडळ काढलं, भाडेकरूंकडून उपकर घ्यायचा आणि इमारती दुरुस्त करायच्या. तेव्हा अशा १९,६४२ इमारती मोजल्या होत्या. तेव्हापासून टेकू हा गिरगावच्या घरांचा एक अवयवच झाला.

मला सकाळपासून जी शांतता भेटत होती, माझगावच्या पाखाडीत, खोताच्या वाडीत, इथल्या गॅलरीत, ती थोडी सावलीची होती, थोडी दुपारच्या झोपेची, थोडी मे महिन्याची. पण बरीचशी ती गंजलेल्या कुलपांची होती. फोटोत ती सुंदर दिसते. रोह्याच्या आमच्या आळीतही आता अशीच सुंदर शांतता आहे. तिथली माणसं आधी गिरगावात आली, गिरगावातली डोंबिवलीला गेली, डोंबिवलीची पुण्याला आणि पुढे अमेरिकेत.

मी ताईला म्हटलं, "इतकी छान गॅलरी जाणार गं." तिनं चहा ओतता ओतता माझ्याकडे बघितलं. "फोटो काढायला आलीयेस ना? मग संडासाकडे जायच्या वाटेचाही काढ. रात्री दोन वाजता, पावसात, गुडघे दुखत असताना मी तिथवर जाते. तोही लाव तुझ्या त्या फोटोंमध्ये." मी गेले आणि काढला. गॅलरीच्या टोकाला, बावीस पावलं, वर पत्रा, एक दिवा. पेणला माझ्या खोलीपासून न्हाणीघर चार पावलांवर आहे. ताईच्या टॉवरमध्ये लिफ्ट असणार, घरात संडास असणार. ज्या दिवशी तिला किल्ली मिळेल त्या दिवशी मी पेढे घेऊन जाणार आहे. चाळ टिकावी असं म्हणायचा हक्क फक्त तिथे राहणाऱ्याला आहे, आणि तिथली एकटी उरलेली बाई ते म्हणत नाहीये. संक्रमण काळात तिला भाड्याच्या घरात नेमकी किती वर्षं काढावी लागतील, याची धास्ती मात्र तिला आहे आणि मलाही. तिचंही आता वय झालं आहे.

माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे, आणि ते मी ताईच्या सोसायटीच्या चिटणीसांनाही सांगून आले. नव्या इमारतीचं एक माहितीपत्रक ताईनं दाखवलं. त्यात पोहण्याचा तलाव आहे, बाग आहे, आणि इमारतीला कुठल्यातरी युरोपातल्या गावासारखं नाव आहे. फणसवाडी हा शब्द पत्त्यात शेवटी, बारीक अक्षरांत. फणस जाऊन दीडशे वर्षं झाली असतील, चाळ गेली तर शंभर वर्षांची जाईल, पण नाव फुकट राहतं. त्याला टेकू लागत नाही, उपकर लागत नाही. चिटणीस भले गृहस्थ. म्हणाले, "बाई, तुम्ही अर्ज द्या, मी मीटिंगमध्ये वाचतो." मी तिथेच ताईच्या वहीतला कागद फाडून अर्ज लिहून दिला. फणसवाडी हे नाव इमारतीच्या नावात यावं, आणि जिन्याखालची भाडेकरूंची पाटी नव्या इमारतीत लावावी.

ती पाटी म्हणजे लाकडी फळा, हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं, कधीतरी पन्नासच्या दशकात रंगवलेली. नावापुढे खोली क्रमांक आणि मजला. आडनावं वाचत गेलं की धरमतर ते रोहा असा प्रवास होतो. पेणकर आहेत, पोयनाडकर, नागोठणेकर, रोहेकर, एक तळेकर, दोन चौलकर. पाटी अंधारात आहे, फ्लॅश टाकला तर रंग चमकून अक्षरं पुसतात, म्हणून नातीनं मोबाईलचा उजेड बाजूनं धरला आणि मी जिन्याच्या कठड्यावर कोपर टेकवून श्वास रोखून फोटो काढला. बरा आलाय. तेवीस नावं वाचता येतात, चोविसाव्यावर मीटरची वायर आली आहे. ताईला विचारलं, ते कोण? तिला आठवेना. पहिल्या मजल्यावर राहायचे एवढं म्हणाली, आणि मे महिन्यात गावाहून येताना सगळ्यांना ओले काजू आणायचे.